ट्रायनची दुसरी सुरुवात

माझे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे. स्टेशनाची खेप करून घरी आले की घोडा सोडायचे. मग बादली पुढे करायच्या आधी त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे, छातीखाली, उलटा हात लावून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. काय करताय विचारलं की म्हणायचे, "तापलाय का बघतोय. तो काय सांगणार नाही."

घोड्यांचं वेड मला तिथे लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. स्वारी शिकले, नोकरी सांभाळून दोन घोड्या पाळल्या आणि चाळिशी उलटल्यावर एन्ड्युरन्सकडे वळले, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीकडे. या खेळात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, आधी काय शिकायचं? मी त्यांना अमेरिकेतल्या ट्रायनमधल्या जागतिक शर्यतीची, १२ सप्टेंबर २०१८ या एका दिवसाची हकिगत सांगते. माझ्या मते या खेळात जे शिकायचं ते सगळं त्या दिवसात आहे. म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. अंतर ४० किलोमीटरपासून १६० पर्यंत, एका दिवसात कापायचं. वाट डोंगरातून, शेतांच्या कडेने, ओढ्यांतून जाते. अंतर फेऱ्यांमध्ये वाटलेलं असतं आणि प्रत्येक फेरीनंतर घोडा पशुवैद्यकांपुढे उभा करायचा. ठरलेल्या वेळात त्याची नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांवर किंवा त्याखाली यायला हवी. मग डॉक्टर हिरडी दाबून रंग किती लवकर परत येतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. शेवटी घोडा दुडकत नेऊन आणायचा, तो कुठे लंगडतोय का ते बघायला. यातल्या एकात जरी कमी पडला तरी त्याचा दिवस तिथेच संपला. स्वार ताजातवाना असो, पहिल्या क्रमांकावर असो, काही उपयोग नाही.

या खेळाला आजचं रूप आलं ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावचे वेंडेल रोबी यांनी १९५५ मध्ये टाहो सिटीपासून ऑबर्नपर्यंतचे शंभर मैल सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून चोवीस तासांच्या आत घोड्यावरून पार केले. एका दिवसात घोडा शंभर मैल जातो का, याचं ते उत्तर होतं. त्यातूनच पुढे टेव्हिस कप ही शर्यत उभी राहिली. या शर्यतीची एक गोष्ट मला फार आवडते. १९७३ मध्ये गॉर्डी एन्सली नावाच्या स्वाराचा घोडा लंगडला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो पठ्ठ्या घोड्याशिवायच आला आणि ते शंभर मैल स्वतःच्या पायांनी धावला, चोवीस तासांच्या आत. आज जगभर डोंगरवाटांवर शंभर मैलांच्या पायी शर्यती होतात, त्यांना मोठी चालना मिळाली ती त्या लंगडलेल्या घोड्यामुळे.

आता ट्रायन.

काय घडलं

दर चार वर्षांनी होणाऱ्या जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा २०१८ मध्ये कॅनडातल्या ब्रोमाँटला व्हायच्या होत्या. ब्रोमाँटने २०१६ मध्ये अंग काढून घेतलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये यजमानपद अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या ट्रायनला मिळालं. एवढ्या मोठ्या आयोजनाला दोन वर्षांपेक्षाही कमी वेळ उरला. स्पर्धा सुरू झाली तेव्हा संकुलातली बरीच बांधकामं अर्धवट होती. त्यातच अटलांटिकवरून फ्लॉरेन्स हे चक्रीवादळ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. १४ तारखेला ते जमिनीवर आलं.

एन्ड्युरन्सची १६० किलोमीटरची शर्यत उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी साडेसहाला, उजाडता उजाडता, शंभराहून जास्त घोडे निघायचे होते. पण सुरुवातीलाच घोळ झाला आणि काही स्वारांना चुकीच्या वाटेला लावलं गेलं. सगळे एकाच रेषेवरून निघाले आणि सगळ्यांनी सारखंच अंतर कापलं, असं म्हणायची सोय राहिली नाही. पहिल्या फेरीनंतर, पहिल्या तपासणीपाशी, शर्यत थांबवण्यात आली.

मग निर्णय झाला की शर्यत नव्याने सुरू करायची, पण १६० ऐवजी १२० किलोमीटरची. घोडे पुन्हा निघाले. ऊन चढलं, दुपारी जोराचा पाऊस पडून गेला आणि पावसानंतर हवा कोंदून आली. शेवटी पंच, पशुवैद्यक आणि आयोजक यांनी एकमताने शर्यत रद्द केली. कारण दिलं ते उष्णता आणि दमट हवा यांच्या धोकादायक संगमाचं. पदकं कुणालाच नाहीत. काही संघांचे लोक तिथेच अधिकाऱ्यांना तावातावाने जाब विचारू लागले, इतका संताप होता.

त्या दिवशी पन्नासहून जास्त घोड्यांना तिथल्या दवाखान्यात उपचार द्यावे लागले. पायाची दुखापत असलेला घोडा त्यात अपवादानेच. बाकी सगळ्यांची तक्रार शरीरातलं पाणी, क्षार आणि उष्णता यांचं गणित बिघडल्याची. न्यूझीलंडचा बराक ओबामा नावाचा एक घोडा त्यातून सावरलाच नाही. त्याला मूत्रपिंडाचा गंभीर त्रास झाला आणि अखेर त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं.

माठ पावसाळ्यात गार का होत नाही

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की शर्यत रद्द करणं ही आयोजकांची चूक, किंवा वाट चुकवणं ही चूक. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायला आधी घोड्याच्या घामाकडे वळावं लागेल.

घोड्याचा स्नायू काम करतो तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा पाव-एक हिस्सा हालचालीत जातो. उरलेला सगळा उष्णता होऊन अंगात साठतो. साडेचारशे किलोचं धूड, आणि वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र आपल्यापेक्षा कितीतरी कमी. ती उष्णता बाहेर फेकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. जोराच्या कामात उन्हात घोडा तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळतो. म्हणजे एक भरलेली बादली, दर तासाला.

पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळायला लागतो. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वैशाखात माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार असतं. तोच माठ, तेच पाणी, जुलैमध्ये कोमट लागतं. माठ पाझरतोय, पण हवेलाच ओल झालेली, ती आणखी ओल घ्यायला तयार नाही. पावसानंतरच्या दमट दुपारी घोड्याचं नेमकं हेच होतं. घामाच्या धारा लागतात, मानेवर आणि मांड्यांच्या मधे पांढरा फेस येतो, थेंब टपटप जमिनीवर पडतात. पडलेला थेंब अंग गार करत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र आतच.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. आपल्या घामात मीठ कमी आणि पाणी जास्त असतं. त्यामुळे घाम गेला की रक्त दाट होतं आणि मेंदू तहानेची घंटा वाजवतो. घोड्याच्या घामात मात्र क्षार फार. पाण्याबरोबर मीठही त्याच प्रमाणात निघून जातं, रक्ताचा दाटपणा फारसा बदलत नाही आणि घंटा वाजतच नाही. कितीतरी लिटर पाणी हरवलेला घोडा भरलेल्या बादलीत नाक घालून नुसता फुरफुरतो आणि तोंड वळवतो. नवखा स्वार समजतो की याला तहान नाही.

पुढची पायरी म्हणजे आतडी मंदावतात, पोटदुखी सुरू होते. कॅल्शियम आणि बाकीच्या क्षारांचा तोल गेला की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कूस उडायला लागते. लांबून बघितलं तर उचकी लागल्यासारखी दिसते. स्नायू तुटायला लागले तर त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, लघवी कॉफीसारखी काळपट होते आणि पाणी आधीच कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर ते गाळायचं ओझं येतं. अतिश्रमाच्या घोड्यांची मूत्रपिंडं अनेकदा या मार्गाने जातात.

हे सगळं २०१८ मध्ये नवीन नव्हतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी घोडे, ऊन आणि दमट हवा यांवर मुद्दाम संशोधन झालं होतं. तिथे घोडेस्वारीच्या तीन दिवसांच्या स्पर्धेतले लांब पल्ल्याचे टप्पे कमी केले गेले आणि पाण्याचा फवारा मारणारे पंखे लावले गेले. तापलेल्या घोड्याच्या अंगावर भराभर थंड पाणी ओतावं, याला या अभ्यासांनी आधार दिला. म्हणजे ज्ञान बावीस वर्षं हाताशी होतं.

घोडं अडलं कुठे

पहिल्या फेरीनंतर निर्णय घेणाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या असं मला दिसतं.

पहिली, घोळ झाला तरी तशीच शर्यत पुढे चालवायची. मग जो विजेता ठरेल त्याच्याकडे जन्मभर बोट दाखवलं जाईल. दुसरी, दिवस रद्द करायचा. जगभरातून विमानाने आणलेले घोडे, दोन-दोन वर्षांची तयारी, एकेका देशाचा पैसा आणि वर चक्रीवादळाचा इशारा असताना 'उद्या बघू' म्हणायलाही जागा नाही. तिसरी, अंतर थोडं कमी करून नव्याने निघायचं. तिसरी वाट समंजस दिसते. स्वारांना शर्यत मिळते, आयोजकांना स्पर्धा मिळते, १६० चे १२० केल्याने घोड्यांचाही विचार केल्यासारखं होतं. ज्यांना बोलता येत होतं त्या सगळ्यांचं समाधान त्या वाटेत होतं.

पण सकाळी पळालेलं अंतर कागदावरून खोडलं म्हणून घोड्याच्या पायांतून जात नाही. पहिल्या फेरीत गेलेलं मीठ परत आलेलं नव्हतं. पहाटेचा गारवा, जो या खेळात सोन्याच्या भावाचा, तो रद्द झालेल्या फेरीत खर्च झाला आणि खरी शर्यत सरकली ती दुपारकडे. एन्ड्युरन्सची सुरुवात पहाटे का ठेवतात? उन्हाच्या आत निम्मं अंतर मारून घ्यावं म्हणून. ट्रायनच्या दुसऱ्या सुरुवातीने हे गणित उलटं केलं.

म्हणून माझ्या लेखी त्या दिवसाची चूक संध्याकाळची रद्द करण्याची नाही आणि सकाळची वाट चुकण्याचीही नाही. वाट चुकणं हा गलथानपणा होता, त्याने मान खाली गेली, पण त्याने घोडा आजारी पडत नाही. चूक झाली ती मधे, पुन्हा निघायचं ठरलं तेव्हा. उलट, संतापलेल्या माणसांच्या गर्दीत उभं राहून, जागतिक अजिंक्यपदाची शर्यत अर्ध्यावर थांबवणाऱ्यांनी त्या दिवसातलं एकमेव खरं कठीण काम केलं. ते लवकर झालं असतं तर बरं झालं असतं, पण ते केलं नसतं तर किती घोडे गेले असते, कोण जाणे.

स्वारांचा राग मला परका नाही. मी असा राग केलेला आहे, म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे असं वाटतं.

चार-पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, देशावरच एका ठिकाणी चाळीस किलोमीटरची दौड होती. माझी चांदणी, काठेवाडी घोडी, तेव्हा नऊ वर्षांची. आदल्या रात्री अवेळी पाऊस झालेला, सकाळी ऊन स्वच्छ आणि जमिनीतून वाफ येत होती. पहिली वीस किलोमीटरची फेरी तिने कान टवकारून मारली. मी लगाम धरून ठेवत होते आणि ती ओढत होती. मला वाटलं, काय जोरात आहे आज. तपासणीपाशी खोगीर उतरवलं तेव्हा त्याखालची कातडी चटका बसावा अशी. मी आणि माझा भाचा बादल्यांवर बादल्या ओततोय, मानेवरून गेलेलं पाणी तिच्या पोटाखालून खाली पडतंय ते हाताला कढत लागतंय. नाडी ८०. मग ७६. मग ७२, आणि तिथेच रेंगाळली. वेळ संपताना ६८.

डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काकू, आज इथंच थांबवा." मी वाद घातला. ही आलेल्या गर्दीला बुजलीय, दोन मिनिटं द्या, आत्ता खाली येईल, पाय तर बघा कसे टाकतेय. त्याने ऐकून घेतलं, चांदणीच्या हिरडीवर अंगठा दाबला आणि मला बघायला सांगितलं. अंगठा काढल्यावर पांढरा ठसा उमटला आणि तो गुलाबी व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागले. मग त्याने स्टेथोस्कोप माझ्या कानांत दिला आणि तिच्या कुशीला लावला. घोड्याच्या पोटात एरवी दूरवर ढग गडगडावेत तसा आवाज सतत चालू असतो. तिथे काहीच नव्हतं. मी मोजत राहिले, मिनिटभर काहीच नाही. आणि ती मात्र कान टवकारून पुढच्या फेरीला निघालेल्या घोड्यांकडे बघत होती, त्यांच्यामागे जायला पाय आपटत होती.

दोन तासांनी, क्षार घातलेलं पाणी थोडं थोडं पोटात गेल्यावर, तिने ओल्या गवताची पेंढी ओढून खायला घेतली आणि मी रडले.

पुढे काय झालं

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ट्रायनच्या दिवसाची चौकशी करवली. पुढे एन्ड्युरन्सचे नियम मुळापासून तपासायला तात्पुरती समिती नेमली गेली आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या सर्वसाधारण सभेत नवे नियम मंजूर झाले. मोठ्या शर्यतींसाठी पात्र होणं अवघड झालं, दोन शर्यतींमधली सक्तीची विश्रांती वाढली. सगळे खेळ एका जागी भरवणारी ती जागतिक स्पर्धा मात्र ट्रायननंतर त्या रूपात पुन्हा झालीच नाही. लांब पल्ल्याचं अजिंक्यपद मे २०२१ मध्ये इटलीत पिसाला झालं. भारतातही या खेळाकडे मुलं वळताहेत. केरळच्या निदा अंजुमने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले, तेव्हा आमच्या छोट्याशा गटात पेढे वाटले होते.

नियम वाढले हे चांगलंच. पण आपल्याकडच्या चाळीस-साठ किलोमीटरच्या दौडींना जागतिक समिती येणार नाही, तिथे आपल्यालाच बघायचं आहे. या खेळात एक जुना, सोपा हिशेब आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, हवेतली आर्द्रता टक्क्यांत घ्यायची आणि दोन्हींची बेरीज करायची. १३० च्या खाली असेल तर काळजी नाही. १५० च्या वर गेली, आणि त्यात आर्द्रतेचा वाटा मोठा असेल, तर घोड्याला स्वतःला गार करणं जड जातं. १८० च्या वर तर त्याला कामाला लावूच नये. आपल्याकडे फोनवर तापमान सेल्सिअसमध्ये येतं, म्हणून माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी रूपांतराचं कोष्टक चिकटवलं आहे. त्या ऑक्टोबरच्या सकाळचे आकडे मी नंतर शोधून काढले. ३१ अंश म्हणजे ८८, आर्द्रता ८०. बेरीज १६८. ती निघायच्या आधी केली असती तर पहिली फेरी मी अर्ध्या वेगाने मारली असती.

गेल्या सप्टेंबरमध्ये एका साठ किलोमीटरच्या दौडीला आम्ही पहाटे चारला पोचलो. सुरुवात सहाची होती. टाइमकीपरची गाडी वाटेत बंद पडली. साडेसात झाले, आठ झाले, मग जाहीर झालं की साडेनऊला निघू. लोक चहा पिऊन पुन्हा तंग आवळायला लागले. मी फोन काढला आणि साडेअकराचा अंदाज बघितला. बेरीज १७१ आली. चांदणी टेम्पोत उभी होती, आवाजाने अस्वस्थ झालेली, फळीवर खूर आपटत. मी तिच्या छातीखाली हात घातला. गार होती. तिला तोबरा चढवला, भाच्याला टेम्पो वळवायला सांगितलं आणि नऊच्या आत आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो होतो.